ओसीडी अचानक गायब झाला तर पेढे वाटू नका (बायपोलर आणि ओसीडी दोन्ही असणाऱ्यांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी)

कडीकुलूप

नैराश्यावर इथे पुष्कळ धागे आहेत, ओसीडीवर (नको ते विचार येत राहणं आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं) दोन-चार आहेत, बायपोलरवरही (मूड कधी टोकाचा वर, कधी टोकाचा खाली) अधूनमधून कोणी लिहितं. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आल्यावर काय होतं यावर मात्र शोधूनही काही सापडलं नाही, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. चाळिशीच्या आसपास, नोकरी चालू, मुक्काम नाशिक. हा आयडी का घेतला ते पुढे कळेलच.

ओसीडी आधी आला, कॉलेजात. गॅस, कडी, गिझर ही नेहमीची मंडळी होतीच, पण खरा छळ अथर्वशीर्षाचा. २१ आवर्तनं म्हणायला बसायचं, मध्येच गणपतीबद्दल काहीतरी घाणेरडं डोक्यात यायचं, की ती आवर्तनं बाद, पुन्हा पहिल्यापासून. आईला वाटायचं, पोरगी भाविक आहे. अशा विचारांचा श्रद्धेशी किंवा चारित्र्याशी काही संबंध नसतो, उलट ज्याला जे सर्वांत पवित्र त्यालाच हा आजार जाऊन चिकटतो, हे मला फार उशिरा कोणीतरी सांगितलं. इथे वाचणाऱ्या एखादीला तरी ते आज कळू दे.

मग नैराश्य आलं. डॉक्टरांनी दोन्हीसाठी एसएसआरआय गटातली (नैराश्यावर नेहमी देतात ती) गोळी दिली. ओसीडीला डोस जास्त लागतो म्हणून ती हळूहळू वाढवली. इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम. आणि एका उन्हाळ्यात आठवड्याभरात ओसीडी गेला. साफ गेला. कुलूप लावलं की मागे वळून न बघता जिना उतरायचे. पूजा पाच मिनिटांत. घरात आनंदीआनंद, सासूबाईंनी वणीला जाऊन नवस फेडला. मी रात्री जेमतेम तीन-चार तास झोपून पहाटे ताजीतवानी उठत होते, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, येवल्याहून पैठण्या आणून विकायचा धंदा डोक्यात, त्यासाठी अंगावरचं सोनं मोडायची तयारी, ऑफिसात साहेबांशी कडाक्याची भांडणं. सगळे म्हणाले, इतकी वर्षं दबलेली मुलगी मोकळी झाली.

प्रकरण ॲडमिट होण्यापर्यंत गेलं. निदान: बायपोलर, मॅनिया (म्हणजे मूड बेफाम वर गेलेला). तोपर्यंत घराण्यात कोणाला असं काही होतं का, हे कोणी विचारलंच नव्हतं. होतं. आमचे एक चुलते दोन महिने विहीर, मळा, नवी मोटरसायकल सगळं एकदम काढायचे आणि पुढचे कित्येक महिने खाटेवरून उठायचे नाहीत. घरात त्याला ‘लहरी स्वभाव’ म्हणत.

तर मला सांगायचंय ते इतकंच. थेरपीने आणि औषधाने ओसीडी महिनोन्‌महिने थोडा थोडा उतरत जातो, ती सुधारणा. आठवड्यात गायब झाला, झोप कमी झाली आणि तरी थकवा नाही, हे तिन्ही एकत्र दिसलं तर ती सुधारणा नव्हे, डॉक्टरांना फोन करायची वेळ. माझ्यात हे चक्र पुढेही तसंच दिसलं: मूड वर गेला की ओसीडी विरतो, खाली गेला की दामदुप्पट होऊन परततो. त्यामुळे आता आम्ही घरी ओसीडीकडे मूडचा मापक म्हणून बघतो.

सध्या मूड स्थिर ठेवणारं लिथियम चालू आहे, सोबत ॲरिपिप्राझोलचा लहान डोस, आणि मूड सपाट झाल्यावर सुरू केलेली ईआरपी थेरपी (भीतीला सामोरं जायचं, पण विधी करायचा नाही). अजून कडी दोनदा ओढून बघते. दोनदा. मला चालतं.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः घरच्यांनी काय करावं, काय करू नये, यावर.

सुपारीचंखांड

महत्त्वाचा धागा. रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर.

तिरपागडा

धागाकर्तीबद्दल पूर्ण आदर ठेवून एक शंका. आमच्या आज्या दिवसातून चारदा आंघोळ करायच्या, ओलेत्याने स्वयंपाक, पोरांनी शिवलं की पुन्हा आंघोळ. त्यांना कोणी ओसीडी म्हटलं नाही. एक आजी म्हणून सोडून दिलं. आता प्रत्येक गोष्टीला नाव आणि गोळी. सवयींचे आजार करून ठेवलेत असं नाही वाटत?

आजीचीगोधडी

@तिरपागडा, माझी आजी कडक सोवळ्यातली होती आणि मावशीला ओसीडी आहे, त्यामुळे दोन्ही जवळून पाहिलंय. आजीचं सोवळं पंगत उठली की संपायचं. नियम पाळला, विषय मिटला, आजी दुपारी आडवी होऊन घोरायची. मावशीचं मिटतच नाही. हात धुतल्यावर ‘नीट धुतले का’, मग ‘नीट धुतले का हे मी नीट पाहिलं का’. तिला स्वतःला कळतं की हे खुळ्यासारखं आहे, रडते आणि धूत राहते. आजीला नियमाचा अभिमान होता, मावशीला लाज वाटते.

शिवाय जुन्या घरांत एखादी आत्या सोवळ्याच्या नावाखाली खरंच आजारी असेल, तर ते खपून गेलं, एवढंच.

कडीकुलूप

गोधडीताई, अगदी. डॉक्टर लोक निदानाच्या वेळी हेच बघतात: या विचार-कृतींत दिवसाचा तासाहून जास्त वेळ जातो का, किंवा त्यामुळे काम आणि संसार अडतो का. सवय आणि आजार यांची सीमा तिथे आहे.

निंबोणी

मी कोल्हापूरकडे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. इथे कोणाचं निदान किंवा डोस सांगणार नाही, पण विषय नेटका मांडलाय, म्हणून थोडी भर.

हे जोडदुखणं दुर्मीळ नाही. सर्वसाधारण लोकांत आयुष्यात कधीतरी ओसीडी होण्याचं प्रमाण २ ते ३ टक्के धरलं जातं. बायपोलर असलेल्यांत ते वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान आढळलं आहे. धागाकर्तीने वर्णन केलेलं चक्र, म्हणजे नैराश्यात लक्षणं वाढणं आणि मॅनियात किंवा हायपोमॅनियात (मॅनियाचं सौम्य रूप) उतरणं, हेही अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. पण सगळ्यांत नाही. काहींचा ओसीडी मूडची पर्वा न करता आपला चालूच राहतो, आणि थोड्या जणांत तो तेजीतही वाढतो. त्यामुळे ‘मापक’ प्रत्येकाने आपापला तपासून घ्यावा. दोन-तीन महिने झोपेचे तास, मूड आणि ओसीडीत गेलेला वेळ एका वहीत लिहिला तरी चित्र स्पष्ट होतं.

गोंधळ कुठे होतो? नैराश्यातला माणूसही तेच तेच विचार घोळवत बसतो: माझं चुकलं, माझ्यामुळे झालं. ते त्याला खरे वाटतात. ओसीडीतला विचार माणसाला स्वतःलाच परका वाटतो, माणूस त्याला हाकलायला बघतो. तसंच रात्री दोनला कपाट आवरणारी बाई. मॅनियात असेल तर तिला मजा येत असते, कपाट अर्धवट टाकून ती फर्निचर हलवायला घेईल. ओसीडीत असेल तर तिला झोपायचंय, पण घडी सरळ होत नाही. विचार आपला वाटतो की परका, आणि करताना मजा येते की त्रास, हे दोन प्रश्न विचारले तर निम्मा गुंता सुटतो. ओपीडीत तेवढा वेळ मिळतो का हा वेगळा विषय, आणि त्यावर मी माझ्या व्यवसायाची बाजू घेणार नाही.

उपचारांत कळीचा मुद्दा क्रमाचा. ओसीडीवर एसएसआरआय गटाची औषधं चालतात, बहुधा नैराश्याला लागतो त्यापेक्षा मोठ्या डोसात, आणि परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. पण बायपोलर असताना अँटीडिप्रेसंट एकटं दिलं तर मूड उसळण्याचा धोका असतो. क्लोमिप्रामिन या जुन्या, ओसीडीवर प्रभावी औषधात तो धोका अधिक. म्हणून आधी लिथियम, व्हॅल्प्रोएट किंवा क्वेटियापिनसारख्या औषधाने मूड स्थिर करायचा. कित्येकदा एवढ्यानेच ओसीडी बराच खाली येतो. उरला तर ईआरपी. तरीही उरला तर स्थिर मूडच्या पायावर, जपून, एसएसआरआय. ॲरिपिप्राझोलची जोड काहींना उपयोगी पडते. खुद्द लिथियमचा ओसीडीवर थेट परिणाम फारसा नाही, ते मूड सांभाळतं.

उलटंही घडतं. क्लोझापिन या मनोविकारावरच्या औषधाने काही रुग्णांत ओसीडीची लक्षणं नव्याने सुरू होतात. औषध बदलल्यावर हात धुणं सुरू झालं तर ‘जुनंच असेल’ म्हणून गप्प बसू नका. आणि फ्लुव्हॉक्सामिन (एसएसआरआयपैकीच एक) चालू असताना क्लोझापिन किंवा ओलान्झापिन असेल तर त्यांची रक्तातली पातळी चढते. दोन डॉक्टरांकडे जात असाल तर दोघांना दोन्ही कागद दाखवा.

मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना व्हॅल्प्रोएट शक्यतो टाळतात, कारण गर्भातल्या बाळाला त्याचा धोका मोठा आहे. आधीच चालू असेल तर घाबरून एका दिवसात बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

शेवटचं, पण सर्वांत आधी वाचावं असं: दोन्ही आजार एकत्र असतील तर आत्महत्येच्या विचारांचा धोका एकट्या आजारापेक्षा जास्त असतो. असे विचार येत असतील तर घरातल्या एकाला आजच सांगा. टेलिमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.

संत्रानगरी

माझ्या बायकोला दोन्ही आहे. नागपूरले राहतो आम्ही. घरच्यांनी काय करू नये ते मी सांगू शकतो, कारण ते सगळं आमच्या घरी व्यवस्थित होत होतं.

ती विचारायची, “गॅस बंद केला ना?” मी म्हणायचो, हो. पाच मिनिटांनी पुन्हा. पुन्हा हो. मग मी ऑफिसातून निघताना गॅसचा फोटो पाठवायला लागलो. मग व्हिडिओ. मग व्हिडिओत नॉब नीट दिसत नाही म्हणून पुन्हा. मले वाटे, मी प्रेमाने करतो आहे. थेरपिस्ट बाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, भाऊ, तुम्ही तिच्या आजाराची नोकरी करून राहिले. दर वेळी खात्री दिली की पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या मिनिटाला शंका आणखी मोठी होऊन येते.

मग आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. तिनं विचारलं की मी एकच वाक्य बोलायचं: “हा प्रश्न तुझा नाही, ओसीडीचा आहे, याचं उत्तर मी देणार नाही.” चिडायचं नाही, टोमणा मारायचा नाही. सुरुवातीचे आठवडे वाईट गेले, एकदा ताट भिरकावलं. पण नियम तिनेच बरी असताना मान्य केला होता, हे महत्त्वाचं. घरच्यांनी आपल्या मनाने एक दिवस अचानक उत्तर देणं बंद केलं तर तो छळ होतो, उपचार नाही.

दुसरी गोष्ट, ईआरपी खोल नैराश्यात सुरू केली होती तेव्हा जमलीच नाही. तिला अंथरुणातून उठवत नव्हतं, चपलेला हात लावून न धुता पोळी खा हे कुठून करणार? मूड जरा वर आल्यावर तेच तिनं केलं. अन् मूड जास्त वर गेला तेव्हा ती थेरपीला गेलीच नाही, म्हणे मी बरी झाली. थेरपिस्ट बाईंनी त्याच दिवशी मला फोन केला. असे थेरपिस्ट शोधा.

हवाबदल

गोळ्यांवर गोळ्या वाढवण्यापेक्षा धागाकर्तीने एकदा इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करावं. नाशिकहून तासाभरावर. मन शांत झालं की विचार आपोआप जातात. स्वानुभव आहे.

कडीकुलूप

@हवाबदल, सूचनेबद्दल आभार, पण नाही. विपश्यनेच्या अर्जातच मानसिक आजार आणि चालू औषधांबद्दल विचारतात, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना हे शिबिर मानवण्यासारखं नाही हे त्यांचीच नियमावली सांगते. पहाटे चारला उठायचं, दिवसभर मौन, दहा दिवस. बायपोलरला झोप मोडणं हे काडी लावण्यासारखं असतं. तुम्हाला लाभलं याचा आनंद आहे.

हवाबदल

मी फक्त सुचवलं. आजकाल लोक चांगलं सांगितलं तरी चिडतात.

तिरपागडा

चिडलं कोण? त्यांनी नियमावली सांगितली. (आणि हो, गोधडीताईंचा आजी-मावशीचा मुद्दा मला पटला. शंका मागे.)

निंबोणी

रोजचा थोडा वेळ श्वासाकडे लक्ष देणं, चालणं, योगासनं याला हरकत नाही, उपयोगच होतो. औषधांऐवजी म्हणून मात्र नको. आणि ओसीडीत ‘विचार घालवणे’ हे ध्येयच चुकीचं आहे. नको ते विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतात. ईआरपीत आपण विचार घालवत नाही, तो आला तरी विधी न करता त्याच्यासोबत बसून राहायला शिकतो. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर हे प्रथम करून पाहिलं. त्याआधी ओसीडी जवळजवळ असाध्य समजत.

टेम्सकाठी

इंग्लंडमधून. मला बायपोलर टाइप टू (यात मॅनिया नाही, हायपोमॅनिया येतो) आणि ओसीडी आहे. इथली गंमत म्हणजे ओसीडीसाठी थेरपीला स्वतःहून नाव नोंदवता येतं, पण अर्जात बायपोलर लिहिलं की फोन येतो: तुमची केस आमच्या कक्षेत बसत नाही, मानसोपचाराच्या दुसऱ्या टीमकडे जा. ती टीम मूडचं बघते आणि ओसीडीसाठी पुन्हा पहिल्यांकडे बोट दाखवते. ईआरपी मिळायला मला वर्षाच्या वर लागलं. म्हणजे दोन आजारांच्या फटीत पडणं फक्त भारतात होतं असं नाही.

चांगली गोष्ट म्हणजे लिथियमची शिस्त. सुरू केलं की इथे जांभळी पुस्तिका देतात, त्यात रक्ततपासणीच्या नोंदी आणि धोक्याच्या खुणा. सुरुवातीला दर आठवड्याला पातळी, स्थिरावल्यावर पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी, शिवाय थायरॉईड आणि किडनी. माझ्या पुण्याच्या आत्तेभावाला तीच गोळी वर्षानुवर्षं एकाच चिठ्ठीवर मेडिकलवाला देतोय. त्याची शेवटची पातळी कधी काढली, हे घरात कोणाला सांगता येईना. भाऊबंदांना विचारा हा प्रश्न.

नवीनसभासद_७

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. धागा वाचून छातीत धडधडतंय. माझ्या धाकट्या बहिणीला (वय २४) ओसीडी आहे, हात धुणं आणि मोजणं. फ्लुओक्सेटिन (एसएसआरआय गटातलीच गोळी) चालू आहे, मागच्या महिन्यात डोस वाढवला. गेल्या आठवड्यापासून हात धुणं जवळपास बंद. आम्ही खूश होतो. पण ती रात्री दोन-तीनपर्यंत रील बनवत बसते, सकाळी सहाला उठते, खूप बोलते, काल बाबांच्या कार्डावरून बरीच खरेदी केली. बाबा म्हणतात, वय आहे, मजा करू दे. पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे. काय करू?

निंबोणी

ताई, इथून निदान करता येणार नाही, पण तीन आठवडे थांबू नका. आजच तिच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून तुम्ही इथे लिहिलंय तेच जसंच्या तसं सांगा: गोळीचं नाव, डोस कधी वाढवला, झोप किती, खर्च. फ्लुओक्सेटिन पुढे चालू ठेवायचं का थांबवायचं, हे त्यांना फोनवरच विचारा, मनाने ठरवू नका. डॉक्टर भेटत नसतील आणि ती रात्रभर जागू लागली, चिडचिड किंवा संशय वाढला, तर सरळ सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. तोपर्यंत कार्ड आणि फोनमधलं पैशांचं ॲप बाबांनी बंद करून ठेवावं, वाहन देऊ नये, रात्री दिवे आणि स्क्रीन लवकर बंद. तिच्याशी वाद घालू नका, तिला यात काही वावगं वाटतच नसेल.

संत्रानगरी

अन् ताई, तिले “तू वेडी झाली” असं कोणी म्हणू नका. “झोप कमी झालीय, डॉक्टरांना विचारू” एवढंच म्हणा. झोपेवरून बोललं तर माणूस तयार होतो, मूडवरून बोललं की भांडण.

कडीकुलूप

@नवीनसभासद_७, कागदावर लिहून न्या. तिच्यासमोर डॉक्टर विचारतील तेव्हा ती इतकं छान बोलेल की तुम्हीच खोट्या ठराल. मी तेच केलं होतं, डॉक्टर माझ्या विनोदांवर हसत होते. आणि आईकडचे, बाबांकडचे, दोन्हीकडचे ‘लहरी’ लोक आठवून ठेवा.

काळाकोट

वकील आहे, कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी, कारण या लोकांना त्या कोणी सांगत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम ५ खाली कोणतीही सज्ञान व्यक्ती आगाऊ लिहून ठेवू शकते: मी आजारी पडले आणि निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसले तर माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत. सोबत कलम १४ प्रमाणे आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो नवराच असला पाहिजे असं नाही, मैत्रीणही चालते. बायपोलरसाठी हे फार कामाचं, कारण मधल्या काळात माणूस पूर्ण शहाणा असतो आणि त्याला काय सोसलं, काय नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

विमा: त्याच कायद्याचं कलम २१(४) म्हणतं की शारीरिक आजारांना ज्या आधारावर आरोग्यविमा, त्याच आधारावर मानसिक आजारांनाही द्यायचा. म्हणजे ॲडमिट झाल्याचा खर्च ‘मानसिक आहे’ एवढ्या कारणावरून नाकारता येत नाही. प्रतीक्षा काळ वगैरे इतर अटी लागतात, आणि ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत नसतो. आजार लपवून पॉलिसी घेऊ नका, दावा तिथेच बुडतो.

आणि अपंगत्वाचा दाखला: २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार आहे. सरकारी मंडळ ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीने मोजतं. ती बनवतानाच स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी आणि स्मृतिभ्रंश हे चार आजार डोळ्यांसमोर होते. ४० टक्के किंवा जास्त आलं तर सवलती. घ्यावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. नोकरीच्या ठिकाणी दाखवायची सक्ती नाही.

सुपारीचंखांड

रुमाल उचलतो. काळाकोट, हे आगाऊ लिहून ठेवायचं माहीत नव्हतं. माझ्या भावाने वहीत हाताने लिहून ठेवलंय: “मी रात्री बाराला जमिनीचे व्यवहार काढले तर माझं ऐकू नका.” त्याला कायदेशीर रूप देता येतं हे उत्तम.

अवांतर: भावाला तेजीत ओसीडी विरत नाही, वाढतो. फरशीच्या रेघा मोजत गावभर फिरतो आणि त्यातून शेअरचे आकडे काढतो. म्हणजे निंबोणी डॉक्टर म्हणाले त्या थोड्या लोकांत आम्ही.

कडीकुलूप

हे लिहिलंत ते बरं केलंत. शीर्षक वाचून ‘आमच्याकडे तर वाढतंय, म्हणजे मॅनिया नाही’ असं कोणी समजायला नको. झोपेवर लक्ष ठेवा, ती कोणाच्यात खोटं बोलत नाही.

मांडवीपार

गोव्याहून. लिथियम घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली, श्रावण तोंडावर आहे म्हणून लिहितो. निर्जळी उपवास करू नका. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि पातळी चढते. अळणी उपवास, जुलाब-उलट्या, उन्हात वारीची चाल, सगळ्याला हेच लागू. माझ्या आईने हरतालिका निर्जळी केली आणि दुसऱ्या दिवशी हात थरथर, बोलणं अडखळत, चालताना तोल जात होता. बांबोळीच्या रुग्णालयात न्यावं लागलं. आता ती फळं, पाणी आणि ताकात चिमूटभर मीठ घेऊन उपवास करते, भटजींनीच सांगितलं म्हणून. (भटजींना आम्ही आधी भेटून आलो होतो.)

निंबोणी

अचूक. त्यात अंगदुखीच्या गोळ्या जोडा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाम यांनीही लिथियमची पातळी वाढते. ताप-डोकेदुखीला पॅरासिटामॉल घ्या. बीपीची काही औषधंही त्यात येतात, तेव्हा फॅमिली डॉक्टरांना लिथियम चालू आहे हे आठवणीने सांगा.

नवीनसभासद_७

अपडेट. फोन केला, डॉक्टरांनी आज संध्याकाळी बोलावलं होतं. फ्लुओक्सेटिन थांबवलंय, दुसरं औषध रात्रीचं दिलंय, चार दिवसांनी पुन्हा जायचंय. घराण्यात कोणाला असं होतं का ते विचारलं, बाबा आधी गप्प बसले आणि मग आत्याबद्दल बोलले. आम्हाला काहीच माहीत नव्हतं. सगळ्यांचे आभार. पुढे बहुतेक लिथियम सुरू करतील म्हणाले. एक प्रश्न: रक्ततपासणीला जाताना सकाळची गोळी घेऊन जायचं का उपाशीपोटी?

मांडवीपार

सकाळची गोळी घ्यायची नाही. आदल्या रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी रक्त द्यायचं असतं. रात्री नऊला घेतली तर सकाळी नऊला. रक्त दिल्यावर सकाळची गोळी घ्या, म्हणून ती सोबत पर्समध्ये न्या. लिथियमसाठी उपाशी राहायची गरज नाही, पण सोबत साखर किंवा इतर काही तपासणार असतील तर लॅबला विचारा. आणि कागदावर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहायला सांगा, लॅबवाले विचारत नाहीत.